ट्रकचा हीटर मायनस ४० ला का बंद पडतो आणि तो बसवायचा कसा

भावा, तू काय विचारलंयस ते आधी एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वापरलेला २०१८ चा ट्रक घेतलायस, ७२ इंची स्लीपर म्हणजे केबिनमागची झोपायची खोली, १५ लिटरचं इंजिन, आधीच्या मालकाचा बंक हीटर, म्हणजे ती खोली गरम ठेवणारा, सुरूच होत नाही, जानेवारीपासून इथं कॅनडात एडमंटन ते पार उत्तरेतल्या यलोनाइफपर्यंत फ्लॅटबेडची, म्हणजे उघड्या ट्रेलरची, कामं मिळतायत, आणि ऑनलाइन एक "८ किलोवॅट"चा स्वस्तातला चायना हीटर दिसलाय. तो घ्यावा का, इंजिनासाठी वेगळा हीटर लागतो का आणि आपल्या आपण बसवता येईल का.

मी मूळचा साताऱ्याकडचा, १६ वर्षं झाली एडमंटनजवळ निस्कूला डिझेल मेकॅनिक म्हणून काम करतोय, आणि हिवाळ्यात माझ्याकडं येणारं निम्मं काम हीटर, बॅटरी आणि गोठलेलं डिझेल यांचंच असतं. सरळ उत्तरं आधी देतो. तो ८ किलोवॅटवाला घेऊ नकोस. इंजिनासाठी वेगळा हीटर लागतोच. आणि हात चालत असतील तर बसवायचं काम तू करू शकतोस, फक्त एक्झॉस्ट आणि फ्लोअरचं सील या दोन गोष्टी जाणत्या माणसाकडून तपासून घे, कारण बाकी काही चुकलं तर थंडी वाजते, हे चुकलं तर माणूस झोपेतून उठत नाही.

शॉपमध्ये "हीटर गेला" म्हणून जे ट्रक येतात ना, त्यात खरोखर हीटर गेलाय असे फार थोडे निघतात. डिझेल पोचत नसतं, नाहीतर करंट पोचत नसतो, नाहीतर हवा मिळत नसते. मायनस १५ पर्यंत कसाबसा बसवलेला हीटरसुद्धा चालतो, त्यामुळं माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि मग मायनस ३८ ला हाय लेव्हल गावाच्या पुढं कुठंतरी रात्री दोनला तो थांबतो, जिथं मोबाइलला रेंज नाही आणि पुढचा पंप तास-दीड तासावर. म्हणून कुठल्या कंपनीचा घ्यायचा यात जेवढं डोकं लावतोयस त्याच्या चौपट तो बसतो कसा यात लाव. तुझा जुना हीटर ओरिजिनल कंपनीचा असेल तर तोही फेकू नकोस, आधी उघडून बघू, बऱ्याचदा ग्लो पिन, म्हणजे तापून डिझेल पेटवणारी काडी, आणि तिची जाळी बदलली, बर्नरमधली काजळी काढली की तो पुन्हा उभा राहतो.

आता हीटर दोन जातीचे. एक हवा गरम करणारा, त्यालाच सगळे बंक हीटर म्हणतात, तो टाकीतलं डिझेल जाळून स्लीपरमधली हवा गरम करतो, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा कूलंट गरम करणारा, तो इंजिनाचं पाणी फिरवून फिरवून गरम करतो म्हणजे सकाळी इंजिन सुरू होतं. बंक हीटरमध्ये इकडं दोनच नावं जास्त चालतात, एस्पार म्हणजे एबरस्पेशर, आणि वेबास्टो. दोन्ही जर्मन, आणि गंमत म्हणजे दोन्हींची सुरुवात एसलिंगेन या एकाच गावात झाली, एबरस्पेशर १८६५ ला आणि वेबास्टो १९०१ ला. कूलंटच्या मोठ्या हीटरमध्ये प्रोहीटही खूप दिसतो. तिन्हींवर मी काम केलंय, तिन्ही चांगले आहेत, निवडायचाच असेल तर तुझ्या रूटवर ज्याचे पार्ट आणि ज्याचा बिघाडाचा कोड वाचणारा माणूस मिळतो तो घे. ग्रँड प्रेरी किंवा हे रिव्हरला तुला ग्लो पिन मिळाली पाहिजे, त्यापुढं ब्रँडचा वाद फुकट आहे.

साइझबद्दल लोक हमखास चुकतात. मोठा घेतला की जास्त ऊब, असं इथं नाही. २ किलोवॅटचा बंक हीटर ७२ इंची स्लीपरला, पडदे ओढलेले असतील आणि पुढच्या काचांना जाड कव्हर लावलेलं असेल तर मायनस ३० पर्यंत आरामात पुरतो. त्याखाली तो सतत फुल्ल चालत राहतो, आणि सतत फुल्ल चालणं हे त्याच्या तब्येतीला चांगलंच असतं, काजळी धरत नाही. ४ किलोवॅटचा घेतलास तर मायनस ४० ला तो भारी वाटेल, पण ऑक्टोबर आणि मार्चमध्ये तो रात्रभर अगदी मंद चालेल, मंद ज्योतीत डिझेल नीट जळत नाही आणि दोन सीझनमध्ये बर्नर काळा ठिक्कर. तू म्हणतोस वर्षातले चार महिने उत्तरेला आणि बाकी कॅलगरी, व्हँकुव्हर. असं असेल तर मी २ किलोवॅटचा घेईन आणि उरलेले पैसे इन्सुलेशनवर घालीन, म्हणजे पुढची काच, दारांच्या काचा, बंकच्या मागची भिंत, आणि स्लीपरचा जाड पडदा. फक्त उत्तरेलाच राहणार असशील, किंवा डबल बंकचा उंच स्लीपर असता तर ४.

त्या स्वस्त हीटरवर "८ किलोवॅट" लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यातले बरेच आतून ५ किलोवॅटच्याच साच्यातले असतात, स्टिकर तेवढं वेगळं. पण माझी खरी तक्रार आकड्याबद्दल नाहीये. त्यांच्याबरोबर येणारी मऊ हिरवी फ्युएल लाइन थंडीत कडक होते, जॉइंटला हवा ओढते, एक्झॉस्टचा क्लॅम्प सैल बसतो, इनटेकचा पाइप पातळ प्लॅस्टिकचा असतो, आणि वायर बारीक असते. गॅरेज गरम ठेवायला माझ्या ओळखीचे कितीतरी लोक तो वापरतात, चांगला चालतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या डब्यात दार बंद करून झोपायचं आणि बाहेर जीव घेणारी थंडी, तिथं मी तो बसवत नाही, कोणी सांगितलं तरी नाही. एकदा इन्शुरन्सवाल्यांना विचारून बघ, आग लागली तर तो हीटर ते धरतात का.

आता इंजिनाचं. ब्लॉक हीटर तुझ्या ट्रकला असणारच, भिंतीत प्लग लावायचा तो, साधारण १५०० वॅटचा, चार-पाच तास आधी लावला की काम होतं. पण फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या पुढं रस्त्याकडेला प्लग कुठून आणणार. म्हणून डिझेलवर चालणारा कूलंट हीटर. किती किलोवॅटचा, याचा हिशेब अंदाजानं न करता एकदा कागदावर करून बघ. १५ लिटरचं इंजिन म्हणजे साधारण १२०० किलो लोखंड, आणि सिस्टिममध्ये ४५ लिटरच्या आसपास कूलंट. हे सगळं १ डिग्रीनं गरम करायला जवळपास ७०० किलोज्यूल लागतात. मायनस ४० वरून प्लस २० ला न्यायचं म्हणजे ६० डिग्री, म्हणजे ४२००० किलोज्यूल. ५ किलोवॅटचा हीटर सेकंदाला ५ किलोज्यूल देतो, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर, आणि तेही वाऱ्यात काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरून. ९ किलोवॅटला तेच काम सव्वा तासात. वाऱ्याचं धरलं तर ५ वाल्याला तीन-साडेतीन तास सहज लागतात. म्हणून एडमंटन परिसरात राहणाऱ्याला मी ५ चा सांगतो, आणि यलोनाइफ, इनुविक, फोर्ट मॅकमरे करणाऱ्याला ९ च्या खाली जाऊ नको असं सांगतो. पूर्ण प्लस २० लाच न्यायला पाहिजे असं नाही, मायनस १० ला आणलं तरी चांगल्या बॅटरीवर इंजिन फिरतं, पण थंड इंजिनाला जबरदस्तीनं फिरवून बेअरिंगचं जे नुकसान होतं ते दिसत नाही आणि भरून निघत नाही. ऑइलही ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० सिंथेटिक टाक, १५डब्ल्यू-४० मायनस ३५ ला श्रीखंडासारखं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण विकणारे सांगत नाहीत. हीटर बसवला म्हणजे कुठल्याही थंडीत इंजिन बंद करायची मुभा मिळाली, असं समजू नकोस. मायनस २५ पर्यंत खुशाल बंद कर, पैसे वाचव. आयडलवर, म्हणजे उभ्या ट्रकचं नुसतं चालू ठेवलेलं, इंजिन तासाला साधारण ३ लिटर पितं आणि बंक हीटर तासाला ०.१ ते ०.२८ लिटर, म्हणजे १० तासांच्या रात्रीला ३० लिटरच्या जागी २ लिटर. वर आयडलवर सिलिंडर थंड राहतो, डिझेल अर्धवट जळतं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरतो, ते वेगळंच. पण मायनस ३५ च्या खाली, एकटा, वस्ती नाही अशा जागी मी इंजिन बंद करत नाही, हाय आयडलवर १००० ते ११०० आरपीएमला ठेवतो आणि बंक हीटर जोडीला. तिथं हीटर हा दुसरा पाय आहे, एक गेला तर दुसऱ्यावर उभं राहायला. टिबिट ते कॉन्ट्वॉयटोचा विंटर रोड, जो १९८२ पासून दरवर्षी बर्फावर नव्यानं बांधतात खाणींसाठी, तिथं गेलास तर बघशील, रांगेतला एकही ट्रक बंद नसतो.

डिझेलचं मात्र नीट ऐक, कारण सगळ्यात जास्त ट्रक इथं अडकतात. साधं नंबर दोन डिझेल मायनस १० च्या आसपास धुरकट व्हायला लागतं, त्यातलं मेण बाहेर पडतं, पुढं ते जेल होतं. अल्बर्टात आणि उत्तरेला हिवाळ्यात पंपावरच विंटर डिझेल मिळतं त्यामुळं इथं भरलेलं सहसा दगा देत नाही. दगा देतं ते लांबून आणलेलं. व्हँकुव्हरला किंवा खाली वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियाला टाकी फुल्ल केली, तिकडं पाऊस आणि प्लस ८, मग डोंगर ओलांडून अल्बर्टात आला तर मायनस ३०, आणि टाकीत अजून ४०० लिटर उबदार मुलखातलं डिझेल. चालत्या ट्रकला रिटर्न लाइननं टाकी थोडी गरम राहते म्हणून कळत नाही. रात्री थांबला की बंक हीटरची २ मिलिमीटरची लाइन सगळ्यात आधी बंद पडते, कारण ती सगळ्यात बारीक आणि उघड्यावर असते. ड्रायव्हर म्हणतो हीटर खराब. म्हणून तिकडून येताना टाकी अशी सांभाळ की थंडीच्या मुलखात शिरताना पाव टाकी उरलेली असेल, आणि मग इथलं भर. अँटी-जेल टाकायचं तर डिझेल अजून पातळ असताना, थंडीत शिरायच्या आधी, जेल झाल्यावर टाकून काही उपयोग नाही.

आता ती लाइन बसवायची कशी. हीटरसाठी टाकीत वेगळा स्टँडपाइप, म्हणजे डिझेल ओढणारी उभी नळी, टाक, इंजिनाच्या लाइनला टी मारून, म्हणजे मध्येच फाटा काढून, घेऊ नकोस. हे मी स्वतः केलंय, पहिल्या-दुसऱ्या वर्षी, वेळ वाचवायला, आणि गिऱ्हाइकाचा ट्रक सकाळी हवा ओढून बंद पडला, त्याचा लोड गेला. त्यानंतर आजपर्यंत टी मारलेला नाही. स्टँडपाइपचं टोक टाकीच्या तळापासून ३ ते ४ सेंटिमीटर वर ठेव, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ येत नाही आणि हीटर टाकी पूर्ण पिऊन इंजिनाला उपाशीही ठेवत नाही. मीटरिंग पंप, तो टिकटिक करणारा, त्याचं बाहेर जाणारं तोंड वर ठेवून बसव, किमान १५ डिग्री तिरपं, आडवा ठेवलास तर हवेचा बुडबुडा त्यात अडकतो आणि डोस कमी-जास्त होतो. पंप रबरच्या माउंटवर बसव नाहीतर ती टिकटिक रात्रभर उशाखाली ऐकशील. लाइन कडक नायलॉनची घे, जॉइंटमध्ये दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना टेकलेली पाहिजेत, मध्ये रबरात रिकामी जागा राहिली की तिथं बुडबुडा जमतो आणि ज्योत थुंकते. आणि पंप व लाइन फ्रेमच्या आतल्या बाजूनं, वाऱ्यापासून आडोशाला ने, वरून इन्सुलेशन गुंडाळ, पण इंजिनाच्या एक्झॉस्टजवळून नेऊ नकोस, तिथं डिझेल गरम होऊन लाइनमध्ये वाफ धरते.

करंटचं असं आहे की हीटर चालताना फार कमी घेतो, २ किलोवॅटवाला चालू असताना पाऊण ते तीन अँपिअरच्या मध्ये. पण पेटताना ग्लो पिन ८ ते १० अँपिअर मागते, आणि नेमक्या त्याच वेळी रात्रभर थंड झालेली बॅटरी, बारीक वायर आणि गंजलेला टर्मिनल मिळून व्होल्टेज पाडतात, हीटरचा कंट्रोल म्हणतो व्होल्टेज कमी आणि बंद होतो. त्यामुळं वायर थेट बॅटरीपासून आण, फ्युज बॅटरीजवळ, मी ४ चौरस मिलिमीटरच्या खाली जात नाही, लांब असेल तर ६. अर्थ फ्रेमला नको, सरळ बॅटरीच्या मायनसला. बसवल्यावर ग्लो पिन चालू असताना हीटरच्या कनेक्टरवर मीटर लाव, बॅटरीवर आणि तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कुठंतरी गडबड आहे. बॅटरी चार आहेत ना तुझ्या? चारही एकाच वयाच्या आणि एजीएम, म्हणजे आतलं अ‍ॅसिड न सांडणाऱ्या सीलबंद, घाल. मायनस १८ ला बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि उतरलेली बॅटरी तर थोड्याच थंडीत गोठून फुटते. आजकाल पोरं लिथियम टाकतात, पण लिथियम शून्याच्या खाली चार्ज होत नाही, बाहेरच्या बॅटरी बॉक्समध्ये ती ठेवून उपयोग नाही, ठेवायची तर स्लीपरच्या आत. त्यापेक्षा एक अल्ट्राकॅपॅसिटरचं स्टार्ट मॉड्युल, म्हणजे फक्त स्टार्टरसाठी करंट साठवणारा डबा, घे, ते मायनस ४० लाही स्टार्टर फिरवतं आणि चारही बॅटरी रात्री हीटरला मोकळ्या राहतात. आणि एक, तुझ्या ट्रकला लो व्होल्टेजला सगळं तोडणारा डिस्कनेक्ट असेल तर हीटर त्याच्या आधी, म्हणजे बॅटरीच्या बाजूला, जोड. हीटर बंद केला की त्याचा फॅन तीन-चार मिनिटं चालून आतलं गरम चेंबर थंड करतो, मध्येच करंट तोडला तर आतले पार्ट भाजतात.

एक्झॉस्टचं मी सगळ्यांना दोनदा सांगतो. काही वर्षांपूर्वी एक ट्रक आला, ड्रायव्हर पंजाबी काका, पन्नाशीचे, म्हणाले बेटा रोज सकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, बहुतेक वय झालं. हीटर दुसऱ्या एका शॉपनं बसवलेला. बंक उचलून बघितलं तर एक्झॉस्टचा जॉइंट फ्लोअरच्या वर, टूलबॉक्सच्या आत, आणि क्लॅम्प बोटानं फिरत होता. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला वास न येणारा विषारी वायू, त्याचा डिटेक्टर नव्हता. त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे ते मला त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं, तीन मुली. त्या दिवसापासून माझ्या हातून बसलेल्या एकाही हीटरचा जॉइंट फ्लोअरच्या वर नाही आणि डिटेक्टर लावल्याशिवाय मी चावी परत देत नाही, पैसे नसतील तर माझ्याकडचा लावून देतो.

तर हीटरचा पाया फ्लोअरवर सपाट बसला पाहिजे, खाली गॅस्केट, त्याचे एक्झॉस्ट, हवेचा इनटेक आणि डिझेल हे तिन्ही पाइप फ्लोअरच्या खालीच उतरले पाहिजेत. भोक पाडायच्या आधी खाली जाऊन बघ, एअरलाइन आणि वायरिंगचा गठ्ठा कुठून जातो ते. एक्झॉस्ट पाइप स्टेनलेसचा, पूर्ण वाटेत खाली उतरता, कारण धुरातलं पाणी थंडीत पाइपच्या खोलगट भागात गोठतं आणि बर्फाचं बूच बसतं. वाकवावा लागलाच तर सगळ्यात खालच्या जागी ५ मिलिमीटरचं भोक पाड, पाणी गळायला. टोक बाजूला किंवा मागे, स्लीपरच्या पलीकडं, दाराखाली नाही, खिडकीखाली नाही, पुढच्या दिशेला तर मुळीच नाही. डिझेल टाकी, डीईएफची (इंजिनाचा धूर साफ करायच्या द्रवाची) लाइन, ब्रेकची नायलॉन नळी यांपासून लांब. जळणाची हवा घेणारा इनटेक चाकाच्या मागे नको, चाक बर्फ उडवतं आणि तो त्याच्या तोंडावर थापला जातो. आणि बर्फाच्या ढिगाला टेकून पार्क करू नकोस, झोपायच्या आधी उतरून दोन्ही तोंडं मोकळी आहेत का ते हातातल्या टॉर्चनं बघायचं, मायनस ४० असलं तरी उतरायचं.

आतल्या हवेचं थोडक्यात. हीटरनं हवा स्लीपरमधलीच ओढावी, बाहेरची नाही, बाहेरची मायनस ४० ची हवा गरम करत बसला तर कधीच पुरा पडणार नाही. परतीच्या जाळीपुढं बूट, ब्लँकेट, तांदळाची पिशवी ठेवू नकोस, हवा अडली की तो तापतो आणि दहा मिनिटांत स्वतःच बंद होतो. डक्ट ६० मिलिमीटरचा असेल तर शेवटपर्यंत ६० च.

कूलंट हीटर बसवताना तो इंजिनाच्या पाण्याच्या पातळीच्या खाली बसव, त्याच्या पंपाला पाणी आपोआप मिळालं पाहिजे. इंजिनाच्या एका टोकाकडून घे, दुसऱ्या टोकाला सोड, नाहीतर त्याच कोपऱ्यात पाणी फिरत राहतं आणि हीटर म्हणतो झालं गरम, इंजिन मात्र थंडच. होज सिलिकॉनचे आणि स्प्रिंगवाले क्लॅम्प, साधे क्लॅम्प थंडीत गळतात. हवा पूर्ण काढ, वेळ लागला तरी चालेल, हवेचा गोळा राहिला की तो ओव्हरहीटचा कोड देऊन लॉक होतो. कूलंट ५०-५० असेल तर ते मायनस ३७ पर्यंतच, उत्तरेला जाणार तर ६० भाग कूलंट आणि ४० भाग पाणी कर, ते मायनस ५० च्या पुढं जातं, आणि रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रानं, तपास, जुन्या मालकानं काय ओतलंय ते कोणाला माहीत. डीईएफ मायनस ११ ला गोठतं, त्याची काळजी करू नकोस, टाकी इंजिनाच्या गरम पाण्यानं वितळते आणि तोवर ट्रक चालतो, फक्त टाकी गळ्यापर्यंत भरू नकोस, गोठताना फुगतं.

वापरताना, सुरू केल्यावर लगेच मंद करू नकोस, पंधरा-वीस मिनिटं फुल्ल जाऊ दे, बंद करायच्या आधीही तसंच. पेटला नाही तर दोनदा बघ, तिसऱ्यांदा बटन दाबत बसू नकोस, न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये साठतं आणि मग एकदम पेटलं की पांढऱ्या धुराचा लोट येतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही, ग्लो पिन बघ. काळा धूर म्हणजे हवा कमी, इनटेक बघ. टिकटिक ऐकू येते पण धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही, लाइन बघ. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालव, नाहीतर पंपात डिझेल चिकट होऊन बसतं आणि सप्टेंबरात तो हलतच नाही. पंपावर डिझेल भरताना आणि फ्युएल रॅकजवळ तो बंदच हवा, आत उघडी ज्योत आहे हे विसरायचं नाही.

जाता जाता, गावाकडची पोरं लष्करात गाड्या चालवतात, त्यातल्या एकानं लेहवरून मला हेच विचारलं होतं. तिकडं थंडीबरोबर उंचीचाही प्रश्न आहे. लेह ३५०० मीटरवर, हवा विरळ, हीटरला डिझेल तेवढंच मिळतं आणि ऑक्सिजन कमी, काजळी चटकन धरते. १५०० मीटरच्या वर राहायचं असेल तर हाय अल्टिट्यूड किट किंवा आपोआप डोस कमी करणारं मॉडेल घ्यायचं. डिझेलचं म्हणशील तर इंडियन ऑइलनं २०१९ पासून लडाखसाठी मायनस ३३ पर्यंत वाहणारं विंटर डिझेल आणलंय, ते टाकीत असावं. आणि बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, कितीही थंडी असो.

तुझ्या ट्रककडं परत येतो. सगळं बसवून झालं की पहिल्या लोडला जाण्याआधी एक मायनस २५ ची रात्र बघ आणि आपल्याच यार्डात त्या स्लीपरमध्ये झोप, इंजिन बंद, प्लग काढलेला, पण वायर हाताशी. रात्री बारा, तीन आणि सहाला उठून बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेव, डिटेक्टरचा आकडा बघ, एक्झॉस्टचं टोक बघ. सहाला कूलंट हीटर लावून बरोबर किती वेळात इंजिन उठतं ते घड्याळ लावून मोज, तोच आकडा पुढं यलोनाइफला उपयोगी पडेल. केबिनमध्ये मायनस ४० ची स्लीपिंग बॅग, एक जादा ग्लो पिन आणि तिची जाळी, दोन फ्युएल फिल्टर, अँटी-जेल, तीन दिवसांचं खाणं-पाणी. काही अडलं तर ट्रक घेऊन ये, आधी फोन कर म्हणजे शॉपमधली जागा मोकळी ठेवतो, आणि येताना जुना हीटर काढून फेकू नकोस, सोबत आण.